लॅब, कॉकर, पॉइंटर आणि दुसऱ्याच्या घरून आलेली कुत्री : सोलापुरात कोणी पाळलीत?

कडक_भाकरी
नमस्कार मंडळी. विषय कुत्र्यांचा आहे, मांजरवाल्यांनी राग मानू नये.

ओळखीतले एक काका-काकू कायमचे मुलाकडे बंगळूरला चाललेत. त्यांची पाच वर्षांची कॉकर स्पॅनियल आहे, रूबी. तिकडे सुनेला दमा आहे, म्हणून रूबीसाठी इथेच घर शोधताहेत. मला ती हवीये. बाबा म्हणतात, आणायचंच तर लॅबचं (लॅब्रॅडॉरचं) पिल्लू आणू, मोठं कुत्रं दुसऱ्याच्या वळणाचं असतं, आपलं होत नाही. आई म्हणते दोन्ही नको, नळाला पाणी चार दिवसांआड आणि तुम्हाला कुत्र्यांना आंघोळी घालायच्यात.

आणखी एक शंका आहे. लॅब, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर, पॉइंटर ही सगळी मूळची बंदूकवाल्या शिकाऱ्यांची कुत्री. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा विषय संपला. मग असल्या कुत्र्याने जुळे सोलापुरातल्या रो-हाउसात दिवसभर करायचं काय? ज्यांनी पाळलीत त्यांनी खरं सांगा, सुख काय आणि कटकट काय. "कुत्रा हा इमानी प्राणी आहे" हे सोडून काहीही चालेल.

सात_रस्ता
कुत्रा हा इमानी प्राणी आहे.

कडक_भाकरी
आलातच का तुम्ही.

पेठेतला_बाब्या
बाबांचं ऐका, लॅब आणा. येताना ज्वारीचं पोतंही आणा. आमच्या लॅबने गेल्या दिवाळीत चकल्या, डब्याचं झाकण आणि खालचा पेपर असा सगळा फराळ केला. डब्याला तेवढं सोडलं.

माळरान
जरा लांबण लागेल, पण प्रश्न चांगला आहे.

ही कुत्री ढोबळमानाने तीन कामांची. पॉइंटर आणि सेटर पक्ष्याचा वास लागला की जागच्या जागी थिजतात आणि शिकाऱ्याला जागा दाखवतात. स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतात. लॅब आणि गोल्डन पडलेला पक्षी शोधून, तोंडात अलगद धरून, न चावता आणून देतात. बंदूक गेली तरी अंगातलं हे काम जात नाही. कॉकर घरात आली की सोफ्याखाली, कपाटामागे, चपलांच्या रॅकमध्ये दिवसभर काहीतरी उठवत फिरणार हे धरून चाला.

आमच्या मोहोळकडच्या शेतावर एक पॉइंटर होता. पुण्याच्या एका कुटुंबाने बंगला विकून फ्लॅट घेतला आणि तो आमच्याकडे पाठवला. पांढरा, अंगावर तपकिरी ठिपके. नाव ड्यूक, गड्यांनी त्याचं ढोक्या केलं. रब्बीत हरभऱ्याच्या कडेने चाललो की ढोक्या एकदम थांबायचा. पुढचा एक पाय उचललेला, शेपूट सरळ, अंग इतकं ताठ की पाठीवर हात ठेवला तर कातडीखालची थरथर हाताला लागायची. आपण एक पाऊल टाकलं की भुर्रकन लावे उडायचे. ढोक्या लाव्यांकडे बघायचा, मग माझ्याकडे. मी काहीच करत नाही हे कळल्यावर असा चेहरा करायचा की आख्ख्या खानदानात बंदूक नसल्याची मला लाज वाटायची. लगेच नाक खाली घालून पुढच्या सरीत.

सुख विचारलंत म्हणून सांगतो. तित्तर दुपारी कुठल्या बांधाखाली दडतात, लावे कापणीनंतर कुठे सरकतात, हे मी त्या कुत्र्याच्या मागून फिरून शिकलो. त्याआधी मला कावळा, चिमणी आणि "इतर" एवढेच पक्षी माहीत होते.

सात_रस्ता
असा ताठ तर माझा चुलतभाऊपण उभा राहतो. हॉटेलात बिल आलं की.

पूर्वभाग
ताई, मी लूमवर कामाला आहे, आमच्या कारखान्यात टॉवेल निघतात. लिहायची सवय नाही, समजून घ्या.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक लॅब मादी फिरत होती. थानं लोंबलेली, नखं इतकी वाढलेली की पाऊल तिरकं पडायचं. जनावरांच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, हिची पिल्लं काढून विकली, आता होईनात म्हणून गाडीतून सोडून दिलीय. मालक म्हणाले राहू दे, राखणीला होईल. राखण कसली, चोर आला तर त्याला पंजा देईल.

सुरुवातीला भिंतीकडे तोंड करून बसायची. जिना कसा चढायचा हे तिला माहीत नव्हतं, पहिल्या पायरीवर पाय ठेवून वर बघत राहायची. कायम पिंजऱ्यात काढली असणार. लूमच्या खडखडाटाची भीती नाही, उलट त्यातच गाढ झोपायची. लाइट जाऊन लूम थांबले की दचकून उठायची.

मग एका संध्याकाळी घडीच्या ढिगातून एक टॉवेल तोंडात धरून आली आणि माझ्या पायाशी ठेवला. टॉवेलच्या लूपमध्ये दात अडकला तर धागा ओढला जातो आणि माल सेकंडमध्ये जातो. माझ्या पोटात गोळा. उजेडात धरून बघितला, थोडा ओला झाला होता, पण एक लूप वर आलेला नव्हता. तिला हे कोणी शिकवलं? कोणीच नाही. आता रोज सुट्टीच्या वेळेला एक टॉवेल आणते. मालकांनी तिच्यासाठी सेकंडचे टॉवेल वेगळे काढून ठेवलेत, त्याला ती तोंड लावत नाही. तिला फर्स्ट क्वालिटीच लागते.

नाव लक्ष्मी ठेवलंय.

मंगळवेढ्याची_ज्वारी
पूर्वभाग, लिहायची सवय नाही म्हणता आणि आम्हाला कामावर बसून डोळे पुसायला लावता. लक्ष्मीचा फोटो टाका.

पेठेतला_बाब्या
आमचा आणतो तो टॉवेल परत टॉवेल म्हणून वापरता येत नाही. पायपुसणं म्हणूनही नाही.

गावठी_जिंदाबाद
सगळं गोड आहे, पण कडू बोलायला कोणीतरी हवं. लक्ष्मीची ही अवस्था का झाली? लोक पिल्लं विकत घेतात म्हणून. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो त्या गावात न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांच्या जाळ्यांभोवती पोहणाऱ्या कुत्र्यांचे वंशज कशाला? आपलं गावठी कुत्रं याच उन्हात हजारो वर्षं जगलंय. माझ्याकडे दोन आहेत, दोन्ही रस्त्यावरून उचललेली, दोन्ही भाकरी-दुधावर ठणठणीत. लॅबला एसी लावून देणारे लोक मला माहीत आहेत, आईबापांच्या खोलीत मात्र कूलर.

कडक_भाकरी, पिल्लू तर नकोच.

कारवानी
शिकारी कुत्रं म्हणता आणि आपलं मुधोळ विसरता? कारवानी हाउंड, सांगोला-जतकडे घरोघर. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही जात सांभाळली. २००५ मध्ये टपाल तिकिटावर आली, पुढे लष्करानेही घेतली. परक्या कुत्र्यांचं कौतुक पुरे.

माळरान
कौतुक मान्य, पण गट वेगळा. कारवानी डोळ्याने शिकार बघतो आणि वेगाने धरतो. त्याला बंदुकीची गरजही नाही आणि माणसाची फारशी पर्वाही नाही. लॅब-कॉकरवाल्या जातींचं सगळं लक्ष माणसाकडे, कारण त्यांचं काम माणसाशिवाय पुरं होत नाही. घरात राहायच्या दृष्टीने हा फरक फार मोठा. आणि कारवान्याला ससे धरायला नेणं हाही त्याच ७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे सांगोल्याकडच्या हौशी मंडळींना कृपया कळवा.

कारवानी
कळवतो. ऐकतील याची ग्यारंटी नाही.

विजापूर_नाका
"मोठं कुत्रं आपलं होत नाही" म्हणणाऱ्या बाबांसाठी आमचा किस्सा.

आमचा गोल्डन, सिंबा, तीन वर्षांचा असताना विजापूरच्या एका घरातून आला. त्यांची आजी गेली आणि दिवसभर त्याच्यासोबत राहायला कोणी उरलं नाही. घरी आणला. आम्ही म्हणलं "ये", हा ढिम्म. "बस", ढिम्म. इंग्रजीत सांगून झालं, तरी ढिम्म. बायको म्हणाली, बहिरा दिलाय आपल्याला. शेवटी शेजारच्या अक्कलकोटच्या काकू कुंपणावरून सहज "बा इल्ली" म्हणाल्या आणि पठ्ठ्या कुंपण मोडायच्या बेतात त्यांच्याकडे धावला. मग आम्हीच कानडी शिकलो. पोरगं आता शाळेत मित्रांना "ऊटा आयता" विचारतं.

आता सिंबाला मराठी सगळं कळतं, पण भीती वाटली किंवा दुखलं-खुपलं की अजून काकूंकडेच जातो. त्याचं वाईट वाटत नाही. आधीच्या घराचं काहीतरी त्याच्याजवळ राहणारच.

सात_रस्ता
म्हणजे सीमाप्रश्न सुटला म्हणायचा.

गड्डा_फॅन
धाग्याला आग लावतो, दारूकामाची. ही म्हणे बंदुकीची कुत्री. जी गोळीच्या आवाजाला बुजतात ती शिकाऱ्याच्या कामाची नाहीत, असा या जातींचा दंडक. आणि आमची गोल्डन, सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम सुरू झालं की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसते. लवंगी माळेलाही तेच. तिची खापरपणजी स्कॉटलंडच्या एखाद्या दलदलीत लॉर्डसाहेबांशेजारी बसून बंदुकीचे बार ऐकत असेल, आणि ही कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला उठून जाते.

जानेवारीत त्या रात्री काय करावं, कोणाला माहितीये का?

डॉ_चिमटा
पशुवैद्य आहे, दवाखाना शहरातच, नाव सांगत नाही कारण मग रात्री अकराला फोन येतात.

गड्डा_फॅन, जात कुठलीही असो, लहानपणी आवाजाची हळूहळू ओळख झाली नसेल तर कुत्रं भिणारच. त्या दिवशी दुपारीच भरपूर फिरवून आणा. संध्याकाळी आतल्या खोलीत पडदे ओढून पंखा मोठा, टीव्ही चालू, आणि कोपऱ्यात आपली वापरलेली चादर टाका. बादलीमागे बसली तर ओढून काढू नका, तिने तिची जागा निवडलीय. फारच थरथरत असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून औषध घ्या. माणसांच्या गोळ्या घरातल्या घरात देऊ नका. दरवर्षी कोणीतरी देतं आणि मग आमच्याकडे पळत येतं.

आता कडक_भाकरी यांच्या कॉकरबद्दल. पहिली गोष्ट कान. लांब, केसाळ, लोंबते, आत हवा जात नाही. पावसाळ्यात बुरशी आणि दुर्गंधी. आठवड्यातून एकदा कान उलटा करून बघा, वास घ्या. हो, वास घ्या, सवय होते. दुसरी गोष्ट कुसळ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या माळावर कुसळी गवत पिकतं. त्याचं टोक सुईसारखं आणि काटे मागे वळलेले, त्यामुळे शिरलं की पुढेच जातं, परत येत नाही. मागच्या हिवाळ्यात एक स्पॅनियल आला, घरच्यांना वाटत होतं पायाला मुंगळा चावलाय म्हणून चाटतोय. दोन बोटांच्या मध्ये चण्याएवढी फुगवटी, वर बारीक छिद्र. चिमटा घातला तर आख्खं कुसळ निघालं, ओलं, पूने माखलेलं, टोक अजून शाबूत. कुत्र्याने सुस्कारा टाकला आणि माझा हात चाटला. फिरून आल्यावर दारातच बोटांच्या बेचक्या, काखा आणि कान चाचपायचे, दोन मिनिटांचं काम आहे. पायाचे आणि कानाखालचे केस त्या महिन्यांत कापून टाका.

पाण्यासाठी आईंना सांगा, कॉकरला रोज आंघोळ लागत नाही. महिन्याकाठी एक पुरे, रोज कंगवा मात्र हवा.

उन्हाळ्याचा मुद्दा गावठी_जिंदाबाद यांनी काढला तो बरोबर आहे. सकाळी सहाच्या आत आणि संध्याकाळी उशिरा फिरवायचं. तळहाताची पालथी बाजू रस्त्यावर ठेवा, पाच सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याला नेऊ नका. लॅब-गोल्डनचं अंग भादरू नका, तो दुहेरी कोट ऊनही अडवतो. उष्माघात वाटला तर साधं पाणी अंगावर, पंख्याखाली, आणि ताबडतोब दवाखाना.

आणि बाब्या, तुमच्या लॅबचा दोष सगळा संस्कारांचा नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये एका जनुकाचा तुकडा गहाळ असतो आणि त्यामुळे भूक जास्त लागते. पण डबा उघडा ठेवणं हे जनुकात नाही.

पेठेतला_बाब्या
डॉक्टरसाहेब, हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावलाय. माझ्यासाठी. माझ्यातही तो तुकडा गहाळ आहे.

हिप्परगा_पोहणारा
कुत्र्याला काम काय, असं ताईंनी विचारलंय ना? आमचा लॅब रविवारी हिप्परग्याच्या तलावात. काठी फेकली की सूंऽऽ. ओला झाल्यावर त्याच्या तोंडावरचा आनंद बघायला लोक मोटारसायकली थांबवतात. लॅबला पाणी दाखवा, दुसरं काही लागत नाही.

नान्नजकर
पोहणारे भाऊ, हिवाळ्यात तरी हे नका करू. तेव्हा तिथे पट्टकादंब आणि बदकं उतरतात, हिमालय ओलांडून आलेली. कुत्रं एकदा पाण्यात घुसलं की आख्खा थवा उठतो आणि दिवसभर परत बसत नाही.

माळावरही तेच. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. आता माळढोक दिसला तर नशीब, पण लांडगे, काळवीट, खोकड आहेत. टिटवी, धाविक, चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, सुटं कुत्रं दोन उड्यांत घरटं संपवतं. शिवाय लस न दिलेल्या कुत्र्यांचे डिस्टेंपर आणि रेबीज लांडग्यांना लागतात. माळरानराव, तुमचा ढोक्या शेतात होता म्हणून ठीक, पण ते वाचून चार जण स्पॅनियल घेऊन माळावर निघतील.

हिप्परगा_पोहणारा
अहो, तलाव काय फक्त पक्ष्यांचा आहे का? म्हशी पण डुंबतात की.

नान्नजकर
म्हशी बदकांमागे पोहत जात नाहीत.

हिप्परगा_पोहणारा
बरं. मग थंडीत कुठे नेऊ? शेततळं?

डॉ_चिमटा
शेततळ्यात अजिबात नको! आतला प्लॅस्टिकचा कागद गुळगुळीत असतो, तिरक्या भिंतीवर पंजा टिकत नाही. चांगलं पोहणारं कुत्रंही बाहेर येता न आल्याने दमून बुडतं. ज्यांच्या शेतात तळं आहे त्यांनी निदान एका कोपऱ्यात गाठी मारलेला जाड दोर नाहीतर जुन्या टायरींची शिडी सोडून ठेवा. कुत्र्यांसाठी आणि सगळ्यांसाठीच.

माळरान
नान्नजकरांचं बरोबर आहे. सुटं सोडायचं ते आपल्या शेतात, बाहेर लांब दोरी. विणीच्या दिवसांत तर माळ वर्ज्यच.

आणि पोहण्यावाचून अडत नाही. या कुत्र्यांना पाय थकवण्यापेक्षा नाक थकवणं जास्त मानवतं. टॉवेलच्या जाड कटपीसमध्ये सुताचं वेस्ट गच्च भरून शिवा, नळकांडीच्या आकाराचं. आधी नुसतं दाखवून लपवा, मग न दाखवता. पहिल्यांदा एका खोलीत, मग घरभर, मग अंगणात. सापडलं की आणून हातात द्यायचं आणि बदल्यात भाकरीचा तुकडा घ्यायचा. पंधरा मिनिटं हे केलं की कॉकर तासभर झोपते. सोलापुरात वेस्ट आणि कटपीस मिळत नाही असं कोणी म्हणू नये.

पूर्वभाग
वेस्ट पाहिजे असेल तर सांगा ताई. पोतंभर देतो, पैसे नको.

मंगळवेढ्याची_ज्वारी
गावठी_जिंदाबाद यांचा मुद्दा वाऱ्यावर सोडू नका. मी त्यांच्या बाजूची. पण रूबी तर जन्मलीय, पाच वर्षांची आहे. ती आणल्याने कोणा ब्रीडरला रुपया मिळत नाही. पिल्लू विकत आणणं वेगळं आणि घर सुटलेल्याला घर देणं वेगळं.

गावठी_जिंदाबाद
मी कुठे नाही म्हणलं? रूबीला आणा असंच माझं मत आहे. राग आहे तो पहिल्या वर्षी रील काढून दुसऱ्या वर्षी टोलनाक्याजवळ सोडणाऱ्यांवर. आमच्या भागात एक हस्की सोडलेला सापडला होता. हस्की! सोलापुरात!

लष्करवाले_आबा
ज्यांना मोठंच आणि शिकलेलंच कुत्रं हवं त्यांच्यासाठी आणखी एक वाट. लष्करातून निवृत्त झालेली कुत्री साध्या घरांना दत्तक देतात, अर्ज करावा लागतो. त्यात लॅब बरेच, वास घेण्याच्या कामातले. वय झालेलं असतं, सांधे कुरकुरतात, पण शिस्त आपल्यापेक्षा बरी. नोकरीत असताना आमच्या युनिटला एक लॅब होती. ती बसली की सगळे थांबायचे, मग हुद्दा कुठलाही असो. रिटायर झाल्यावर तिला एका सुभेदाराने घरी नेलं. त्याच्या पत्रात सुरुवातीला तिची खुशाली असायची, शेवटी बायकोची.

अय्यो_रामा
भटक्या कुत्र्यांनी माझ्या मुलाला सायकलवरून पाडलंय. इथे सगळे कुत्र्यांच्या आरत्या ओवाळलालेत. सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना, सगळी उचला म्हणून?

गावठी_जिंदाबाद
मुलाला लागलं ते वाईटच झालं. पण २०२५ च्या ऑगस्टमधला तो पहिला आदेश दिल्ली आणि आसपासचा होता, आणि त्याच महिन्यात तो बदलून नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्याच जागी सोडा असं सांगितलं. रेबीजची आणि आक्रमक सोडून.

संपादक
भटक्या कुत्र्यांसाठी वेगळा धागा चालू आहे, तिथे चारशे प्रतिसाद आणि दोन आयडी बॅन झालेत. इथे तो विषय नको. अय्यो_रामा, मुलाची काळजी घ्या.

कडक_भाकरी
किती लिहिलंत सगळ्यांनी! आईला अख्खा धागा मोठ्याने वाचून दाखवला. लक्ष्मीच्या टॉवेलपाशी ती काही बोलली नाही, पण नंतर विचारलं, "हे पूर्वभागवाले कुठल्या कारखान्यात असतात गं?"

काल तिघंही रूबीला बघायला गेलो. बाबा हातात वर्तमानपत्र घेऊन कोपऱ्यात बसले, मुद्दाम. रूबीने सगळ्यांचे पाय हुंगले, आईच्या पदराला नाक लावलं, मग बाबांचा खाली काढलेला बूट उचलून थेट त्यांच्या मांडीवर नेऊन ठेवला. बाबा म्हणाले, "बघा, चपला पळवते." काकू म्हणाल्या, ती आवडलेल्याच माणसाचा बूट आणते. काकूंनी हे ऐनवेळी रचलं असावं, पण बाबा घरी येताना पिल्लाबद्दल काही बोलले नाहीत.

आता प्रश्न असे. काकूंकडून काय काय विचारून घेऊ? आणि पटलं नाही तर परत, असं ठरवून आणावं का?

डॉ_चिमटा
लसींचं पुस्तक घ्या. रेबीज आणि डिस्टेंपर-पार्व्होच्या तारखा बघा. शंका असेल तर पुन्हा टोचून घ्या, पुन्हा दिल्याने नुकसान नाही. नसबंदी झालीय का, कधी माजावर आली, गोचीडताप झालाय का, कुठलं औषध सोसत नाही, हे विचारा. खाणं एकदम बदलू नका, तिकडचंच थोडं मागून आणा. कांदा घातलेलं काही नाही, रविवारच्या मटणातली शिजवलेली हाडं नाहीत. त्यांचे तुकडे आतड्यात रुततात.

विजापूर_नाका
आणि तिची चादर न धुता आणा. काकू धुऊन देतील, त्यांना थांबवा. आम्ही सिंबाची आजीवाली गोधडी मळकी आणली होती, पहिल्या रात्री तेवढ्यावरच झोपला.

गावठी_जिंदाबाद
"पटलं नाही तर परत" हे पहिल्या आठवड्यात ठरवू नका. कुत्री सांभाळणाऱ्यांत एक ढोबळ हिशेब चालतो. तीन दिवस बावरलेली, तीन आठवड्यांत दिनक्रम लागतो, तीन महिन्यांत खरा स्वभाव दिसतो. पहिल्या तीन दिवसांत जेवली नाही, कोपऱ्यात मुतली, रात्री कण्हली तर तो तिचा स्वभाव नाही. पाहुणे बोलावू नका, सोसायटीच्या ग्रुपवर मिरवणूक काढू नका. परत घ्यायला काकू बंगळूरहून येणारही नाहीत, तेव्हा तो दरवाजा मनातून बंद करूनच जा. नाही जमलं तर मला कळवा, मी घर शोधून देईन.

अय्यो_रामा
मुलगा बरा आहे, संपादक. एक विचारतो. त्याला आता सगळ्याच कुत्र्यांची भीती बसलीय. पूर्वभागवाल्यांची लक्ष्मी शांत आहे म्हणताय, लांबून बघायला आणलं तर चालेल का? तो नऊ वर्षांचा आहे.

पूर्वभाग
आणा की साहेब. पाच-साडेपाचला, सुट्टीच्या वेळेला. हात लावायची जबरदस्ती नाही, लांब बसू दे. ती टॉवेल आणेल तेवढं बघू दे. आणि घरचा एखादा नवा टॉवेल घेऊन या, जुना आणू नका.

पेठेतला_बाब्या
डॉक्टरसाहेब, कुसळं काढायचा चिमटा कुठला घ्यायचा? भुवयांचा चालतो का? बायकोचा आहे, विचारून घेणार नाही.

डॉ_चिमटा
बोथट टोकाचा घ्या. अर्धं कुसळ बाहेर दिसत असेल तरच घरी ओढा. आत गेलं असेल तर उकरू नका, दवाखान्यात आणा. बायकोचा चिमटा त्याआधी जागेवर ठेवा.

सात_रस्ता
बाब्याची जात ओळखली. न विचारता उचलून आणणारा, पण मऊ तोंडाचा नाही.